पडक्या दातातला चंद्र

स्टोनी क्रीक, ३ एप्रिल २०२५

मिस्टर टेनंट,

हे पत्र कामाचं आहे, म्हणूनच लिहायची हिंमत झाली. पत्ता तुमच्या लेकीकडून, लोर्नाकडून मिळाला. तिने आधी विचारलं, "कशाला हवाय?" मी म्हटलं, त्यांचं सामान द्यायचंय. त्यावर तिने पत्ता दिला.

आपल्या हॉलचं छप्पर यंदा बदलायला काढलंय. स्टेजमागची खोली रिकामी केली तेव्हा पत्र्याच्या पेटीत तुमच्या वस्तू निघाल्या. तुमचा जुना लाकडी ट्रायपॉड आहे, त्याच्या एका पायाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. चॉकलेटचा लाल कागद लावलेली टॉर्च आहे. बसच्या एकवीस वह्या आहेत, ज्यांत तुम्ही रोजचा फेरा लिहायचात. आणि पेटीमागे एक फ्रेम आहे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली. ती मी उलटली नाही.

यातलं काय पाठवू ते कळवा. रिव्हर्टनला माल नेणारी गाडी दर मंगळवारी इथून जाते.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण टॉर्च हातात घेतली आणि राहवलं नाही. अजून पेटते ती. तुम्ही आम्हाला तळ्याकाठी पहिल्यांदा नेलंत तेव्हा आम्ही सगळे नवे कॅमेरे घेऊन आलो होतो, आणि तुम्ही पहिला अर्धा तास एकालाही कॅमेरा काढू दिला नव्हतात. "डोळे आधी अंधारात मुरू देत," म्हणालात. मग तारे एकेक करत नाही, थव्याने यायला लागले. आकाशगंगा तळ्याच्या एका काठावरून उठून दुसऱ्या काठाला टेकली. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही मी एवढं मानलं नाही. आणि तुम्ही तर आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर होतात.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आधी जमीन दाखवायचात. "आकाश कुठे पळून जात नाही. पाय कशावर आहेत ते बघ. दगड बघ, गवत बघ, पाण्याची कड बघ. खालचं नीट घे, वरचं आपोआप येतं." मंडळात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. वाक्य कुणाचं ते मात्र अकरा वर्षांत कधी सांगितलं नाही.

त्या प्रकरणाबद्दल मी काही लिहिणार नाही. ते झालं ते झालं.

ब्रॉनविन हॅलिडे
चिटणीस, स्टोनी क्रीक कॅमेरा मंडळ


२४ एप्रिल

मिस्टर टेनंट,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी वह्या उघडल्या. विचारलं नाही हे चुकलं, पण छप्परवाल्याने पेटी पावसात ठेवली होती आणि पानं वाळवायला उघडावी लागली. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पानं कोरडीच होती.

प्रत्येक दिवसाला एक ओळ आहे. किलोमीटर, टायर, कुठलं मूल आलं नाही. आणि पौर्णिमेच्या आसपास, कडेला, बारीक पेन्सिलने: "चंद्र, तिसरा दात." "चंद्र, पाचवा." "ढग." "चौथा आणि पाचवा यांच्या मध्ये."

मला कळायला वेळ लागला नाही. पूर्वेच्या डोंगरांच्या त्या रांगेला आम्ही मुलंच 'करवत' म्हणायचो. डावीकडून सात दात, आणि सातव्यानंतर ती खोल खाच, तिला 'पडका दात'. बाकी कुठल्या नकाशात ही नावं नाहीत. तुम्ही आमचीच नावं घेतलीत आणि बसच्या काचेतून वीस-एकवीस वर्षं चंद्र मोजत राहिलात. उन्हाळ्यात तो करवतीच्याही डावीकडे कुठेतरी उगवतो, तेव्हा "बाहेर" एवढंच लिहिलंय. हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या जून-जुलैत, दात चढत उजवीकडे येतो. एखाद्या हिवाळ्यात पाचव्यापर्यंत, एखाद्या हिवाळ्यात सहाव्यापर्यंत. तुमच्याकडे दुर्बीण नव्हती, कसलं ॲप नव्हतं, कुणाला विचारल्याचीही खूण नाही. माणूस बस चालवता चालवता एवढं करू शकतो हे मी वाचलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

आणि मग ११ जून १९८७, गुरुवार. त्याचं पान मी इथे उतरवून काढते, कारण तुम्हाला कदाचित आठवत नसेल.

"रस्ता गोठलेला. हळू. चंद्र पडक्या दातात!! बस थांबवली. मुलांना दाखवला. ब्रॉन सोडून सगळ्यांनी पाहिला. ती वाचत होती."

तुमच्या एकवीस वह्यांत उद्गारचिन्ह फक्त एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

मला तो दिवस आठवतो. म्हणजे तो चंद्र नाही आठवत, तुमचं बोलणं आठवतं. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि मागे वळून म्हणालात, "चला, उजवीकडे सरका सगळे. पाच मिनिटं उशीर झाला तर तुमच्या आया मला खाणार नाहीत." कुणीतरी मागून म्हणालं, "माझी खाईल." सगळे हसले. तुम्ही माझ्यापाशी येऊन पुस्तकावर टिचकी मारलीत. "ब्रॉन, पुस्तक उद्याही राहील." मी म्हटलं, "चंद्रही राहील." तुम्ही म्हणालात, "हा नाही राहायचा." मी चौदा वर्षांची होते, फार शहाणी. मी पान उलटलं.

तर मी गेले तीन दिवस स्वतःला सांगतेय की तुमची दात मोजण्यात चूक झाली असेल. बस चुकीच्या वळणावर उभी असेल. कारण पडक्या दातात चंद्र उगवू शकत नाही असं मी लिहून दिलेलं आहे, सहीनिशी. चार हिवाळे पाहून लिहून दिलेलं आहे.

वह्या नीट बांधून ठेवल्या आहेत.

ब्रॉनविन


१५ मे

मिस्टर टेनंट,

आज फ्रेम उलटली.

म्हणजे मी नाही, क्लाइव्ह पेटमनने. तो हॉलच्या खुर्च्या हलवायला आला होता, आला म्हणजे स्कोन खायला आला होता. तुम्ही गेलात तेव्हा होता तसाच आहे, फक्त पोट पुढे आलंय. त्याने फ्रेम उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "अरे, हे माझं कुंपण."

मी म्हटलं, "चंद्र बघ."

"चंद्र कुणाचाही असतो. कुंपण माझं आहे. हा कोपऱ्यावरचा जाडा खांब माझ्या बापाने पुरला. आणि हे बघ, वरची एकच तार दिसतेय. खालच्या सहा गेल्या कुठे?"

"बर्फात."

"बर्फात. बर्फ दर वर्षी पडतो, ब्रॉन, पण माझ्या कुंपणाची सहावी तार बुडवणारा बर्फ मी जन्मात एकदाच पाहिलाय. दोन हजार सहाचा. तीन आठवडे वीज नव्हती. याच तारेच्या कडेने काठी खुपसत मी मेंढ्या शोधल्यात. इथे, या खांबापाशी, अकरा जिवंत निघाल्या, एकमेकींना चिकटून." मग त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. "आयव्हरने काढला काय हा? हाच ना तू खोटा ठरवलास तो?"

मी हो म्हटलं.

"मला विचारायचं होतंस. मी तेव्हाच सांगितलं असतं."

"तू तेव्हा प्रदर्शनाला आलास तरी होतास का?"

"मेंढ्या कातरत होतो," तो म्हणाला आणि आणखी एक स्कोन घेतला.

तो गेल्यावर मी दार लावून बसले. तुमच्या फिल्मच्या स्लाइडच्या चौकटीवर तारीख नव्हती. तुम्ही सांगितली नाहीत. मी त्या वर्षीचा चंद्र तपासला, आधीच्या तीन वर्षांचा ॲपवर तपासला, त्या वर्षी स्वतः जाऊन उभी राहिले, आणि चारही हिवाळे तो पाचव्या दातापुढे गेला नाही. त्यावरून मी ठरवलं की तो कधीच जात नाही. आज पहिल्यांदा २००६चा जुलै तपासला. चंद्र सातव्या दाताच्या पलीकडे, बरोबर खाचेत. १९८७ तपासलं. खाचेत.

चंद्राची वाट डुलते, हे मला आता कळलं. साडेअठरा वर्षांत एकदा ती सगळ्यात लांब जाते, एकदोन हिवाळे तिथे रेंगाळते आणि मागे फिरते. मी पाहिले ते चार हिवाळे तो मागे मागे येत होता. पुस्तकांत हे सगळं आहे. मी पुस्तक उघडलं नाही, मी ॲपवर बोट ठेवलं. तुम्ही कुठलंच उघडलं नव्हतंत, काचेतून बघितलंत आणि वाट पाहिलीत. १९८७ला तुमच्याकडे कॅमेरा नव्हता. म्हणून एकोणीस वर्षं वाट पाहिलीत, तीन आठवडे वीज नसलेल्या घरातून कंबरेएवढ्या बर्फात बाहेर पडलात आणि एकदाच बटण दाबलंत. एवढं मोठं काम आपल्या या खोऱ्यात आणखी कुणी केलेलं मला माहीत नाही. फोटोचं म्हणत नाही, कसलंच.

आणि त्यावर मी लिहिलं, "या जागी चंद्र उगवत नाही. सदर चित्रात तो दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलेला आहे. 'एक आकाश, एक क्लिक' या मंडळाच्या नियमाचा भंग."

नियम तुम्हीच केला होतात. हॉलच्या दारावर ती पाटी तुमच्याच अक्षरात आहे, अजूनही.

मी चुकले. फोटो खरा आहे. मला माफ करा, असं लिहायला फार सोपं जातंय, म्हणून ते पुरेसं नाही हेही कळतंय.

एक गोष्ट राहिली. तुमचा फोटो उतरवल्यावर त्या वर्षीचा कप कुणाला गेला ते तुम्ही ऐकायला थांबला नव्हतात. मला गेला. तळ्यावरची आकाशगंगा, तुम्हीच जिथे उभं राहायला शिकवलंत तिथून काढलेली.

ब्रॉन


१२ जून

मिस्टर टेनंट,

काल मंडळाची बैठक झाली. मी सगळं वाचून दाखवलं: वहीतलं पान, क्लाइव्हचं कुंपण, चंद्राचा हिशेब. मग म्हाताऱ्या विनिफ्रेडने विचारलं, "म्हणजे आयव्हर खरं बोलत होता?" मी म्हटलं, ते एका वाक्यापलीकडे बोललेच नव्हते. ती म्हणाली, "तेच तर. खोटं बोलणारा माणूस बडबड करतो."

कपवरचं माझं नाव खरवडून तुमचं घातलंय. तुमचा फोटो स्टेजच्या उजव्या भिंतीवर लावलाय आणि खाली माझ्या सहीचा कागद आहे, काय झालं ते स्पष्ट लिहिलेला. वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते.

तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये एकच वाक्य बोललात. "चंद्र नको बघूस, कुंपण बघ." सगळ्यांना वाटलं तुम्ही टाळताय. मीही तसंच म्हटलं, मोठ्याने. पण मी कुंपण पाहिलं होतं. आदल्या दिवशीच भिंगाने पाहिलं होतं. एकच तार वर आहे हे मला दिसलं होतं, आणि हा तो मोठा बर्फ असेल का असं एका क्षणी मनात आलंही होतं. मी भिंग खाली ठेवलं. बर्फ काय, दर वर्षीच पडतो, असं म्हटलं. कारण तुमचा फोटो भिंतीवर राहिला तर माझा दुसरा येणार, हे मला माहीत होतं. चंद्राची चूक अज्ञानाची होती. कुंपणाची चूक तशी नव्हती.

आणि तुमची कॉरली जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तो फोटो भिंतीवर लावायचा हट्ट तिचा होता, हे लोर्नाने मला परवा फोनवर सांगितलं. सहा-सात वर्षं ती तुमच्या मागे लागली होती आणि तुम्ही लाजत होतात. अखेर ती गेल्यावर लावलात, आणि मी तो उतरवला. आम्ही मुलं थंडीत बसची वाट बघायचो तेव्हा आल्याचा केक घेऊन येणारी कॉरली. त्यानंतर तुम्ही इथे राहाल तरी कसे.

मी लोर्नाला विचारलं, पत्रं वाचतात का? ती म्हणाली, "वाचतात. मग पावाच्या डब्याखाली ठेवतात. मी काही विचारलं की बाहेर जाऊन समुद्राकडे बघतात, म्हणजे धुक्याकडे." ती म्हणाली की रिव्हर्टनला आल्यापासून तुम्ही कॅमेऱ्याची पिशवी उघडलेली नाही.

हिशेब असा आहे. या हिवाळ्यात चंद्र पुन्हा पडक्या दातात येतोय. गुरुवार, १० जुलै, पाचच्या सुमाराला. त्यानंतर तो मागे फिरेल आणि पुन्हा इथे येईल तो २०४३च्या हिवाळ्यात. तेव्हा मी सत्तर वर्षांची असेन. तुमचं वय मी लिहीत नाही, तुम्हाला वजाबाकी येते. बेरीजही.

तुम्ही कुठे उभे होतात ते मी फोटोवरून शोधून काढलंय. खांब आणि सातवा दात एका रेषेत आणत मागे मागे गेले, ओढा ओलांडला, तेव्हा जागा सापडली: जुनी बस जिथे वळायची ते गोल मैदान, कुंपणापासून सातशे मीटरवर. एवढ्या लांबून, मोठ्या लेन्सने, तेव्हाच खांबापुढे चंद्र एवढा मोठा दिसतो. मी तिथे असेन. तुमचा ट्रायपॉड आणेन. तुम्ही यावं, आणि तुमच्या जागी तुम्हीच उभं राहावं. मी बाजूला थर्मास घेऊन उभी राहीन.

या वेळी पुस्तक आणणार नाही.

ब्रॉन


१३ जुलै

प्रिय आयव्हर,

तुम्ही मला एकविसाव्या वर्षीच सांगितलं होतंत की आता मिस्टर टेनंट पुरे. जीभ वळली नाही. आज वळली.

मी साडेतीनलाच पोचले होते. तुमचा ट्रायपॉड उघडला, सायकलच्या ट्यूबचा पाय ओढ्याच्या बाजूला ठेवला, जसा तुम्ही ठेवायचात. लेन्स खाचेवर धरली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. चार वाजले, पावणेपाच झाले. मी दोन कप चहा ओतले आणि दोन्ही मीच प्यायले. मनात म्हटलं, का येतील? मी त्यांच्या जागी असते तर आले नसते.

यंदा बर्फ नाही. नुसतं गोठलेलं दव होतं, गवताच्या पात्यापात्यावर. तुमचा आवाज कानात होता म्हणून मी आधी खालचं बघत होते. कुंपणाच्या सातही तारा मोजल्या. खांब मोजले. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या जाड्या खांबापाशी लेन्समध्ये काहीतरी हललं. मला वाटलं क्लाइव्हची मेंढी असेल.

माणूस होता. टोपी घातलेला, डावा खांदा जरा उतरलेला. बसमध्ये वर्षानुवर्षं तो खांदा मी पाठीमागून पाहिलाय. तो मी हजार माणसांत ओळखीन.

तुम्ही हाक ऐकण्याइतके जवळ नव्हतात, आणि मध्ये ओढा होता, गेल्या महिन्यानंतर पाण्याने चढलेला. गाडीने वळसा घालून यायचं तर सहा किलोमीटर. आणि तेवढ्यात सातव्या दाताची कड उजळायला लागली. तुम्ही हे सगळं ओळखूनच तिथे उभे राहिलात ना? मी नेमकी कुठे असेन ते तुमच्याएवढं आणखी कुणाला माहीत असणार होतं?

आयव्हर, तो आला. आधी खाचेच्या तळाशी नुसती पिवळी रेघ. मग ती फुगली. हा लोण्यासारखा चंद्र, अंगावरचे डाग दिसतील एवढा जवळ, दोन्ही बाजूंनी डोंगराला घासत वर यायला लागला. खाच इतकी नेमकी भरली की जणू तिथे कधी दात पडलाच नव्हता. मी तोंड उघडं टाकून बघत होते. अडतीस वर्षांपूर्वी बसमध्ये हे माझ्यासमोर होतं आणि मी पान उलटलं होतं. माझ्या गालांवरून पाणी येऊन कॅमेऱ्यावर पडत होतं आणि तिथे गोठत होतं.

आणि तुम्ही चंद्राकडे पाठ केलीत. एवढ्या लांबून आलात, पुन्हा मिळणार नाही अशी घटका, आणि तुम्ही तिच्याकडे पाठ करून माझ्याकडे तोंड केलंत. डोक्यावरची टोपी काढलीत, छातीशी धरलीत आणि निश्चल उभे राहिलात, फोटो काढून घेताना लोक उभे राहतात तसे.

मी एकदाच बटण दाबलं. एक आकाश, एक क्लिक. दुसऱ्यांदा दाबायची गरज होती की नव्हती ते माहीत नाही, पण दाबलं नाही.

तोवर चंद्र डावीकडे सरकून सातव्या दातावर चढला होता. मी सामान तसंच टाकून गाडीत बसले. खांबापाशी पोचले तेव्हा अंधार पडला होता. दवावर तुमच्या बुटांचे ठसे होते आणि रस्त्याकडे जाणाऱ्या टायरच्या खुणा. खांबावर मी उगीचच हात ठेवला. थंडगार होता. क्लाइव्ह नंतर म्हणाला की तुम्ही दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात होतात आणि लोर्ना गाडीतच बसली होती. "काय म्हणाले?" मी विचारलं. "कुंपण चांगलं ठेवलंयस म्हणाला," क्लाइव्ह म्हणाला. "आणि तुला सांगू नको म्हणाला. म्हणून नाही सांगितलं. मी काय बडबड करणारा माणूस आहे?"

सोबत फोटो आहे. प्रदर्शनासाठी नाही. तुमच्या परवानगीशिवाय मी तो कुणालाही दाखवणार नाही. हॉलच्या उजव्या भिंतीवर तुमच्या फोटोशेजारी एक खिळा रिकामा आहे, एवढं फक्त सांगून ठेवते. रिकामाच राहिला तरी चालेल.

तुम्ही आलात. मी आणखी काही मागत नाही.

तुमची,
ब्रॉन


रिव्हर्टन, २ ऑगस्ट

ब्रॉन,

फोटो मिळाला. क्षितिज डावीकडे झुकलंय. फार नाही, पण मला दिसतं. पाणसळ लावत जा, शंभरदा सांगितलंय.

उजेड बरोबर पकडलायस. खालचं नीट घेतलंयस. कॉरलीला आवडला असता.

खांबाजवळचा तो म्हातारा मात्र मध्येच आलाय. एक पाऊल डावीकडे हवा होता. पुढच्या वेळी त्याला सांग.

खिळ्याला लाव.

आयव्हर